वैनगंगेपलीकडची करडी

संपादकांनी विषय दिला: करडी आणि तिच्या शेजारची गावे. खाली एक ओळ जोडली: ‘आढावा समतोल असावा.’ विषय घेतला. समतोल मात्र आमच्या भागाच्या वाट्याला कधी आलेला नाही, तो लेखात कुठून आणू?

मोहाडी तालुक्याचा जो तुकडा वैनगंगेच्या पूर्वेला पडला, तो करडी परिसर. तालुक्याच्या कचेरीत आम्हाला ‘नदीपलीकडचे’ म्हणतात. आम्हीही त्यांना तेच म्हणतो. सरळ रेषेत पाहिले तर मोहाडी जवळच. पण मध्ये नदी. म्हणून एका दाखल्यासाठी खाली कारध्याचा पूल गाठून भंडाऱ्यावरून जायचे, नाही तर वर माडगीचा पूल ओलांडून देव्हाडीकडून वळसा घ्यायचा. मधल्या रोहा-मुंढरीच्या घाटावर डोंग्यात बसून ऐलपैल करणारी पिढी माझी. पुलांच्या राजकारणावर लिहायला माझ्याहून उत्साही माणसे आहेत, त्यांच्यावर सोपवतो. इतके मात्र खरे, की नदी आडवी आल्यामुळेच करडीला करडीपण आले. पोलीस ठाणे करडीला, बाजार करडीला, शाळा करडीला. भोवतीच्या गावांना दुसरी वाट नव्हती.

वर देव्हाडा आणि नरसिंहटोला, नदीच्या अंगाने निलज, मुंढरी, ढिवरवाडा, आत मोहगाव, पालोरा, खडकी, पांजरा-बोरी, आणि कोक्याच्या जंगलाला टेकलेली जांभोरा, केसलवाडा ही गावे. बुजुर्ग आणि खुर्दच्या जोड्या धरल्या तर यादी लांबते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला जंगल आणि मध्ये सपाटी. या सपाटीचा आढावा घ्यायचा आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्या भंडारा जिल्ह्याचा आहे तोच. देवगडचे गोंड, मग नागपूरचे भोसले, १८५३ नंतर इंग्रज, मध्य प्रांत, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई, १९६० साली महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा. देवगडच्या राजा बख्त बुलंदच्या काळातला आंबागड तिकडे तुमसरच्या डोंगरात उभा आहे, स्तूप पवनीला निघाले, पितळेची भांडी भंडाऱ्याची. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि हरले. ती खंत माझ्या लहानपणी घराघरांत ऐकू येई. करडीच्या नावावर मात्र किल्ला नाही, शिलालेख नाही, लढाई नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तके इकडे फिरकत नाहीत. आमचा इतिहास मातीत कोरलेला आहे, तो वाचायला पायी फिरावे लागते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागावर जो कोणी लिहितो तो पहिल्याच वाक्यात लिहितो की वैनगंगेने हा प्रदेश सुजलाम् केला. माझे चाळीस वर्षांचे भांडण या वाक्याशी आहे. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगम पावते, बालाघाट-गोंदिया करीत आमच्याकडे येते आणि उंच दरडींच्या मधून खोल वाहत निघून जाते. तिचे पाणी दिसते, हाताला लागत नाही. विजेचे पंप येईपर्यंत काठावरच्या शेतकऱ्यालाही तिचा एक थेंब बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, घालता येत नव्हता. पावसाळ्यात ती नाल्यांच्या तोंडातून उलटी आत शिरते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले तेव्हा काय झाले, ते काठच्या गावांना विचारा. उन्हाळ्यात ती एका कडेला आक्रसते आणि बाकी सगळी रेती.

मग नदीने काहीच दिले नाही का? दिले ना. मासळी दिली. उन्हाळ्यात त्याच रेतीत ढिवरांच्या डांगरवाड्या पिकत, टरबूज आणि डांगर बैलगाडीने बाजारात येत. माडगीला ऐन पात्रातल्या खडकावर नृसिंहाचे देऊळ दिले आणि कार्तिकी पौर्णिमेची जत्रा दिली. बाया पहाटे थंड पाण्यात उतरत, आम्ही पोरे गरम भज्यांच्या कढईपाशी उतरत असू. पण धान? धान नदीने दिला नाही. एका म्हाताऱ्या ढिवरबाबाने मला घाटावर सांगितले होते, “गुरुजी, नदी पाहाले मोठी जी, पोटाले लहान.” आयुष्य नदीवर काढलेला माणूस असे म्हणतो, हे नदीभक्त लेखकांनी ऐकून ठेवावे.

धान दिला बोडीने.

बोडी म्हणजे काय हे भंडाऱ्याच्या वाचकाला सांगायला नको, पण हा अंक पुण्या-मुंबईलाही जातो म्हणून चार वाक्ये. तलाव गावाचा, बोडी घराची. आपल्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, जिथे बरडीवरून पाणी उतरते तिथे, अर्धचंद्राकार पाळ घालून अडवलेले पाणी. आकार एकरा-दोन एकरांचा, कधी त्याहूनही लहान. पाळीला पाण्याच्या बाजूने दगड, वर येन, अर्जुन, आंबा, करंज. एका कडेला जादा पाणी वाहून जायला सलंग, तळाशी पाणी सोडायला तुडूम. गरिबाच्या बोडीला तुडूमही नसे. वेळ आली की फावड्याने पाळ फोडायची आणि काम झाले की पुन्हा बांधायची.

वेळ कधी येते, यात सगळे शास्त्र आहे. आमच्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कागदावर रेलचेल. मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत चिखल करून रोवणी. पुढे पुष्य, आश्लेषा, मघा पाणीच पाणी. घात होतो तो उत्तरा नक्षत्रापासून पुढे. हस्ताने दडी मारली, चित्रा कोरडी गेली, आणि नेमका तेव्हाच भारी धान निसवायला लागलेला असतो. लोंबी बाहेर पडते, आत दूध भरायचे असते, बांधीला भेगा पडतात. त्या वेळी एक पाणी मिळाले तर घरात खंड्या मोजता येतात, नाही मिळाले तर तणसच तणस. ते एक पाणी म्हणजे बोडी. वर्षभर ती त्या आठ-दहा दिवसांसाठी भरून बसलेली असते.

आणि म्हणून बांध्यांची रचनाही बोडी ठरवत असे. वरच्या अंगाच्या बांध्या लवकर सुकतात, तिथे हलका धान. खालच्या खोल बांध्यांत, जिथे पाझर टिकतो, तिथे भारी. पाणी वरून सोडले की धुऱ्याला पाडलेल्या खांडीतून एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरत जाई. खालच्या शेतकऱ्याशी पटत नसले तरी पाणी त्याच्याच वावरात जाणार, म्हणून हस्त लागायच्या आधी भांडणे मिटवून घेण्याची रीत होती. मातीची पारखही तशीच. जुन्या गॅझेटियरात कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी मातीची प्रतवारी आहे, नदीकाठची कछार वेगळी. माझे वडील पायाच्या अंगठ्याने माती उकरून सांगत, ही सिहार, इथे पाणी धरेल. ही बरडी, इथून पाणी पळेल, पळू द्या, खाली बोडी आहे. बरडी पडीक ठेवण्यात आळस नव्हता, तिच्यावर पडलेले पाणी बोडीला हवे असे.

इथे माझ्या दुसऱ्या भांडणाकडे वळतो. गेल्या काही वर्षांत मालगुजारी तलावांवर बरेच लिहून आले. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव हे नाव आता मंत्र्यांच्या भाषणातही येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा-सात हजार तलाव, गोंड राजांनी आणवलेले कोहळी, तलाव बांधेल त्याला जमीन, हे सगळे खरे आहे आणि छान आहे. नवेगावबांध, सिरेगाव, शिवणी हे तलाव पाहून कोणाचीही छाती भरून येईल. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांध मराठी वाचकांच्या घरात नेऊन पोहोचवले, त्यांचे ऋण मोठे. पण आमच्या काही विद्वान मित्रांची दृष्टी मोठ्या तलावावर जी गेली ती तिथेच थिजली. पाणी म्हणजे कोहळी आणि कोहळी म्हणजे साकोली-अर्जुनीचा मुलूख, असे समीकरण त्यांनी करून टाकले. आमच्या सपाटीवर डोंगरांच्या मधली खिंड नाही, त्यामुळे अडवायला मोठा तलाव नाही. आमच्याकडे बोडी आहे; ती कुणब्याने बांधली, पोवाराने बांधली, तेल्याने बांधली, गोंडाने बांधली. मालकी कोणाचीही असो, माती वाहिली ती मजुरी करणाऱ्या महारा-ढिवरांच्या बायाबापड्यांनी. राजाची सनद नाही, वंशावळ नाही, आख्यायिका नाही. त्यामुळे प्रबंधही नाही. एका चर्चासत्रात मी हे बोललो तेव्हा एका प्राध्यापकांनी ‘बोडी हा फार लहान विषय आहे’ असे सुनावले. चहाच्या वेळी त्यांच्याच गावच्या दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या बोडीची गोष्ट मला सांगितली. प्राध्यापकांना ती कधी सांगितली नव्हती, कारण त्यांनी विचारली नव्हती.

बोड्यांना नावे असतात. चिचेची बोडी, पाटलाची बोडी, मसणाजवळची बोडी, सुनेची बोडी. शाळेत शिकवत असताना रविवारी सायकलवरून गावे हिंडायची आणि नावे उतरवायची हा माझा छंद. बायको म्हणे, दुसऱ्यांचे मास्तर शिकवण्या घेतात, आमचे डबकी मोजतात. त्या वह्या आजही कपाटात आहेत. नावामागे पुष्कळदा भाऊबंदकीचा निवाडा निघतो, कधी दुष्काळात धान्यावर केलेली मजुरी निघते, कधी एखाद्या विधवेने दागिने मोडून घातलेली पाळ निघते. शासकीय दप्तरात यातले काही नाही. तिथे ती जागा ‘पोटखराब’.

बोडीत नुसते पाणी नसे. शिंगाडा, कमळकंद, आपोआप उगवणारा देवधान. मरळ, शिंगूर, वाघूर, झिंगे. कार्तिकात पाणी ओसरले की घरचीच माणसे टोपल्या घेऊन चिखलात उतरत आणि आठवडाभर गावाला मासळीचा वास. वैशाखात तळ उघडा पडला की गाळ गाडीत भरून बांध्यांत टाकायचा. त्यामुळे बोडी दरवर्षी खोल होई आणि बांधी दरवर्षी कसदार. सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना काढली तेव्हा आमच्या गावातला एक म्हातारा मला म्हणाला, “हे तं आमी करतच होतो जी, नाव तेवढं नवतं देल्लं.”

आता धानाच्या वाणांबद्दल. हा विषय मला प्रिय असला तरी हात आखडता घेतो, कारण त्यावर दुसरे जाणकार लिहितात. लुचई, गुरमटिया, हिरानक्की, काळीकमोद, दुबराज आणि चिन्नोर. चिन्नोर शिजायला लागला की चार घरे पलीकडे कळे. तो उशिरा येणारा, लांब मुदतीचा, म्हणजे शेवटपर्यंत पाणी मागणारा. खालची बांधी आणि वरची बोडी ज्याच्याकडे, त्याच्याकडेच चिन्नोर. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पाठोपाठ भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मिळाले. सत्कार झाले, फोटो आले. पण ज्या पाण्यावर तो पिकत होता त्या पाण्याला मानांकन कोण देणार? वाण टिकवायचा तर त्याची बोडी टिकवावी लागते, हे एकाही भाषणात मी ऐकले नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी १९८३ साली एचएमटी शोधला आणि आमच्या बांध्यांतही तो बारीक दाणा आला. त्या माणसाच्या वाट्याला पैसा किती आला आणि कौतुक किती, हे सर्वश्रुत आहे. साकोलीच्या संशोधन केंद्राचे वाण आले. आता जिकडे तिकडे १०१० नंबरचा धान, कारण आधारभूत केंद्रावर जाड-बारीक सगळे एका काट्यावर आणि बोनस जाहीर झाला तर तोही सरसकट. ज्याला खायचे नाही, विकायचेच आहे, तो सुगंध कशाला पेरील?

लाखोरीचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. धान उभा असतानाच, कापणीच्या पंधरवडाभर आधी, ओल्या बांधीत लाखोरी फेकायची. धान कापून नेला की खाली हिरवे अंथरूण तयार. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. बांधीतली उरलेली ओल तिला पुरे. ही उतेऱ्याची पद्धत. लाखोरीची कोवळी भाजी, डाळीचे वडे, गुरांना कुटार. १९६१ साली लकव्याचा ठपका ठेवून तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे उपोषणे केली, अर्ज-विनंत्या केल्या, लोक हसले, आणि २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठवली. आमच्या घरात बंदीच्या काळातही लाखोरी शिजत होती. कायद्याला ते कळले नाही आणि आम्हाला कायदा कळला नाही. गंमत अशी की बंदीने लाखोरी मेली नव्हती. ती आता मरते आहे. हार्वेस्टर आला. त्याच्या वजनाने ओली बांधी रुतते, म्हणून बांधी आधी सुकवावी लागते, आणि सुकलेल्या बांधीत लाखोरी रुजत नाही. हार्वेस्टर वळावा म्हणून धुरे फोडले, चार बांध्यांची एक केली. तणस तुकडे होऊन वावरात पडते, ते जाळतात. गुरांना तणस नाही म्हणून गुरे नाहीत, गुरे नाहीत म्हणून शेणखत नाही. हे सगळे मी गेल्या पंधरा-वीस वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक घडताना पाहिले. हार्वेस्टरवाल्याला दोष देऊ नका. रोवणीला आणि कापणीला माणूस मिळत नाही, पोरे नागपूर-पुण्याला कंपन्यांत गेली.

जंगलाच्या बाजूबद्दल दोन शब्द. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, कोका २०१३ साली झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघावर लिहिणारे आणि वाघाचे फोटो काढणारे भरपूर आहेत. आमच्या जांभोरा-केसलवाड्याच्या शेतकऱ्याची गाठ वाघापेक्षा रानडुकराशी पडते. धान पोटरीत आला की रात्री मचाणावर बसायचे, डबा बडवायचा, सकाळी पंचनाम्याच्या मागे लागायचे. चैत्रात मोहफूल, त्यानंतर तेंदूपत्ता, ही जोडकमाई आजही टिकून आहे. ढिवरांनी येन-अर्जुनाच्या झाडांवर पाळलेल्या कोशाचे रेशीम नदी ओलांडून मोहाडी-आंधळगावच्या कोष्ट्यांच्या मागावर जाई आणि तिथे करवतकाठी लुगडी विणली जात. तो धागा आता किती बारीक झाला आहे, हे आंधळगावच्या कोणी तरी लिहावे.

उद्योगधंदा सांगायचा तर देव्हाड्याचा साखर कारखाना. सहकारी म्हणून निघाला, पुढे खासगी झाला. धानाच्या मुलखात उसाचे स्वप्न कोणी आणि का पाहिले, यावर मी एकदा लिहिले होते आणि दोन्ही बाजूंची बोलणी खाल्ली होती, पुन्हा नको.

पिकांनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि दिवाळी अंक म्हटल्यावर ती हवीच. आमची खरी दिवाळी पाडव्यापासून सुरू होते. पाडव्याला गायगोधन: गोवारी बांधव गाई सजवून आणतात, डफ-बासरीवर गाणी म्हणतात, शेणाच्या गोधनावरून गाई चालवतात. मग गावोगावच्या मंडया. तिथी ठरलेली, शेजारच्या गावाशी टक्कर नको म्हणून पूर्वजांनीच वाटून दिलेली. आज या गावी, उद्या त्या गावी, असे पंधरा-वीस दिवस. हे दिवसही बोडीनेच नेमून दिले आहेत, असे माझे मत आहे. या सुमाराला हलका धान कापून पुंजण्यात गेलेला असतो, भारी धानाला बोडीचे शेवटचे पाणी देऊन झालेले असते, आणि कापणीला अजून अवकाश असतो. शेतकऱ्याच्या हाताला वर्षातला पहिला रिकामपणा आणि पदरात पहिला धान. लेकी माहेरी आलेल्या असतात. मंडईत पोरगी दाखवायची, पोरगा पाहायचा, तिथेच बोलणी. माझेही असेच ठरले. सासरे मला पाहायला म्हणून आले होते आणि रात्रभर खडीगंमत पाहत बसले. मला त्यांनी पहाटे पाहिले.

दिवसा दंडार, रात्री खडीगंमत. ढोलकी, तुणतुणे, चोणके, मंजिरी. मध्यभागी शाहीर, लुगडे नेसलेला नाच्या, आणि मागे सूर धरणारे झिलकरी. खरी मजा दुय्यमची. दोन शाहिरांच्या पार्ट्या समोरासमोर, एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचे, आणि उत्तर न आल्यास सगळ्या गावासमोर तुणतुणे खाली. मोहाडी-तुमसरच्या बाजूला शाहिरांची घराणीच्या घराणी. शाळेची पायरी न चढलेले शाहीर सृष्टीच्या उत्पत्तीवर पहाटेपर्यंत वाद घालताना मी ऐकले आहेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि झाडीपट्टीच्या लोककलांचा पाठपुरावा केला, कोश केला, संमेलने उभी केली. त्यांच्यामुळे आमच्या बोलीला ‘गावंढळ’ म्हणणाऱ्यांची तोंडे काही प्रमाणात बंद झाली. तरीही झाडीपट्टी म्हटले की लोकांना वडशाच्या नाटक कंपन्याच आठवतात. नाटकाला तिकीट असते, पडदा असतो, हिशेब असतो, म्हणून बातमी होते. खडीगंमतीला जमीन आणि सतरंजी पुरते.

आता मंडईत काय असते ते सांगायला नको. उंच भिंतीएवढे ध्वनिक्षेपक, नागपूरहून आलेला वाद्यवृंद, मंचावर अर्धा तास पाहुण्यांचे सत्कार, आणि शाहीर आलाच तर त्याला दुपारी चारला वीस मिनिटे. शाहिरांना मानधनाचे अर्ज भरावे लागतात, ते भरून द्यायला म्हातारे माझ्याकडे येतात. शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, तरी बरे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२३ साली घटनापीठाने वाट मोकळी केली, आणि पट पुन्हा धुळीने भरले. पण पटाची जोडी बाळगणारा आता हौशी आणि पैसेवाला माणूस. वावरातल्या बैलांच्या जोड्याच उरल्या नाहीत, मग पटाला येणार कुठून?

पाण्याकडे परत येतो, कारण सगळे तिथेच अडते. १९५१ साली मालगुजारी गेली. योग्यच झाले, मालगुजारांबद्दल मला प्रेम नाही. गावचे तलाव सरकारजमा झाले, मोठे पाटबंधारे खात्याकडे, बाकीचे जिल्हा परिषदेकडे. ज्यांच्या आज्यांनी पाळ बांधली त्यांच्यावर पाणीपट्टी बसली, ती त्यांनी भरली नाही, आणि दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न सत्तर वर्षे लटकला. बोड्या खासगी म्हणून सरकारजमा झाल्या नाहीत; त्यांना मारले वाटण्यांनी. तीन भावांत बांध्या वाटल्या गेल्या, बोडी मात्र सामाईक राहिली. सामाईक गोष्टीचा गाळ कोण काढणार? बेशरमाची झुडपे माजली, तळ वर आला, आणि एके वर्षी धाकट्याने म्हटले, एवढ्या जागेत दोन बांध्या निघतील. ट्रॅक्टर आला, पाळ सपाट झाली. वरच्या बरडीवर कोणी वीटभट्टी टाकली, कोणी घर बांधले, येणारे पाणी वळले. काठावरच्या गावांनी नदीला पंप लावले आणि उन्हाळी धान घेऊ लागले, वीज दिवसा येते की रात्री याची वाट पाहत. नदी अखेर हाताला लागली खरी, पण ज्यांच्या वावरापर्यंत पाइप पोहोचला त्यांच्याच.

मोठ्या पाण्याची गोष्ट तर वेगळीच. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी केले. ३७२ कोटींचा प्रकल्प अठरा हजार कोटींच्या पुढे गेला, राष्ट्रीय प्रकल्प झाला. त्याचे पाणी आमच्या खालच्या मुलखाचे. आमच्या वाट्याला चढत येणारी मासळी कमी झाल्याची तक्रार तेवढी आली. वर धापेवाडा योजनेचा कवलेवाड्याचा बंधारा, त्याचे पाणी तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रालाही जाते. मधल्या सपाटीवर आम्ही. आमच्या इकडच्या काही पुढाऱ्यांना अजूनही वाटते की एक मोठा कालवा आला की सगळे सुटेल. त्यांना मी इतकेच विचारतो: कालव्याचे पाणी चित्रा नक्षत्रात, तुमचा धान निसवतो त्याच आठवड्यात, तुमच्याच बांधीत येईल याची हमी कोण देतो? बोडी देत होती, कारण तिचा तुडूम तुमच्या हातात होता.

‘मागेल त्याला शेततळे’ आले तेव्हा मी आनंदलो होतो. चौकोनी खड्डा, ठरीव मापे, आत कधी प्लास्टिक. वाईट नाही. पण खड्डा खोदला की पाणी उपसावे लागते, त्याला पंप हवा, पंपाला वीज हवी. बोडी उतारावर वर बसलेली, तिचे पाणी आपण होऊन खाली येते. एका बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एका तरुण अभियंत्याने विचारले, “सर, हिचे डिझाइन कुठल्या पुस्तकात आहे?” मी त्याला माझ्या गावी बोलावले. तो आला, पाळीवरून हिंडला, सलंगीची उंची मोजून घेतली, तुडूमात हात घालून पाहिला. मग त्याची बदली झाली.

कृषी खात्याकडे बोडी-नूतनीकरणाचे एक लेखाशीर्ष निघते, रोजगार हमीतूनही कामे होतात. पण अर्ज करताना सातबारावर बोडीची नोंद दाखवा म्हणतात, आणि सातबारावर तर ‘पोटखराब’. नोंद नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून गाळ, आणि गाळ भरला की ती जागा खरोखरच पोटखराब होते. या वर्षी आमच्या दोन ग्रामपंचायतींना मी एक साधा ठराव लिहून दिला आहे: गावातल्या प्रत्येक बोडीचे नाव, गट क्रमांक, पाळीची लांबी आणि तिच्या पाण्यावर किती बांध्या आहेत, एवढी नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी. एका गावच्या सरपंचबाईंनी तो वाचून घेतला, नावांची यादी पाहिली, आणि त्यांच्या सासरची बोडी यादीतून राहून गेल्याचे जागच्या जागी दाखवून दिले. दुसऱ्या गावी ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली आहे. पुढची तारीख मंडईनंतर लागेल.